बिनप्रस्तावनेचा संग्रह

माझ्या नावावर एकच कवितासंग्रह आहे. बहात्तर पानांचा. त्यातली चौसष्ट पानं जूनमध्ये छापून झाली होती आणि पहिली आठ पानं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छापली गेली. मधल्या सहा महिन्यांची गोष्ट मी आजवर दोघातिघांनाच सांगितली आहे. ऐकणारा हसतो. मला मात्र त्यात हसण्यासारखं अजून फारसं सापडलेलं नाही.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती. आम्ही अंबरनाथला, वडील नोकरीला होते त्या सरकारी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडिलांनी मला हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं होतं. मराठी हा तिथे आठवड्यातून तीन तासांचा विषय होता आणि तो शिकवणाऱ्या बाईही वर्गाबाहेर आमच्याशी इंग्रजीतच बोलायच्या. पदवी झाल्यावर मला एमआयडीसीतल्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, तीही इंग्रजी पत्रव्यवहारासाठीच. कविता मात्र मराठीत यायच्या. इंग्रजीत लिहिलं की ते शाळेतल्या निबंधासारखं व्हायचं. शेवटी काहीतरी बोध निघायचाच. वडिलांना हे कळायचं नाही. एवढी फी भरली ती मराठीत लिहायला का, असं ते विचारायचे. त्यात राग कमी आणि खरं कुतूहल जास्त असायचं.

माझ्या दोन कविता एका दिवाळी अंकात आल्या. त्या वाचून बदलापूरच्या एका प्रकाशकांचं कार्ड आलं. ते निवृत्त शिक्षक होते. हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या; एकीत संसार, दुसरीत पुस्तकांचे गठ्ठे. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. वर्षाला तीन-चार कवितासंग्रह काढायचे आणि ते खपत नाहीत याचं त्यांना मुळीच आश्चर्य वाटायचं नाही. फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला दोन अटी सांगितल्या.

"पुस्तक एकतीस डिसेंबरच्या आत निघालं पाहिजे आणि प्रस्तावना सरांची पाहिजे. बाकी आत तू काय लिहिलंयस त्यात मी पडणार नाही."

पहिली अट पुरस्कारासाठी होती. आमच्या भागातलं एक वाचनालय दरवर्षी एका पहिल्या कवितासंग्रहाला पुरस्कार द्यायचं. त्या वर्षात छापलेलीच पुस्तकं धरायची. नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत तीन प्रती द्यायच्या, तीन परीक्षकांना तीन. दुसरी अट रिवाजाची होती. सर म्हणजे बदलापुरातच सोनिवलीकडच्या नव्या इमारतींत राहायला आलेले एक ज्येष्ठ कवी. कल्याणपासून कर्जतपर्यंत कुणाचाही पहिला संग्रह निघाला की पुढे चार-पाच पानं सरांची असायची. ती नसली तर लोक विचारायचे, का बरं नाही दिली?

खरं सांगायचं तर मला तो पुरस्कार हवा होता. शाल आणि श्रीफळ हातात घेऊन व्यासपीठावर उभं राहायचा मला संकोच वाटायचा, पण परीक्षकांना पुस्तक वाचावंच लागतं, असा माझा हिशोब होता. मला न ओळखणाऱ्या तीन माणसांनी माझ्या कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्यात, यासाठी मला तेवढा एकच मार्ग माहीत होता. मैत्रिणी वाचायच्या, त्या "छान आहे" म्हणायच्या. ऑफिसात मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

त्याच स्वभावातून मी एक मूर्खपणा केला. सरांना द्यायच्या फायलीवर मी नाव लिहिलं नाही. आडनाव वाचलं की माणसं पुढचं सगळं वाचल्यासारखी करतात, असा माझा तेव्हा समज होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. नाडीची साधी खाकी फाइल, तिच्यावर नुसतं 'कविता'. आतल्या कवितांतही 'मी' जवळजवळ नाही. 'आम्ही' आहे, घर आहे, टेबल आहे, खिडकी आहे. मी कुठे दिसू नये एवढी काळजी मी घेतली होती.

मार्चमधल्या एका रविवारी मी सरांकडे गेले. सर आरामखुर्चीत, समोर दोघं-तिघं बसलेले, मागच्या फळीवर अगदी माझ्यासारख्याच पाच-सहा खाकी फायली. मी माझी पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि न उघडता मांडीवर ठेवली.

"मूळ गाव कुठलं?"

"अंबरनाथ."

"ते राहण्याचं झालं. मूळ?"

मी वडिलांचं गाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, जे हवं होतं ते मिळाल्यासारखी.

"म्हणजे सोसलं असशील बरंच."

मी म्हटलं, नाही, तसं विशेष काही नाही.

"सोसलं असणार," ते म्हणाले आणि समोरच्या माणसांकडे वळले.

सरांच्या पत्नीने, काकूंनी, फाइल उचलली. वर नाव नाही हे त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी मला नाव विचारलं, कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर लिहिलं आणि ती चिठ्ठी नाडीखाली खोचली. सरांचे डोळे अधू झाले होते. काकू वाचून दाखवायच्या, सर सांगायचे आणि काकूच उतरवून घ्यायच्या. मला बरं वाटलं. निदान कुणीतरी मोठ्याने वाचणार होतं.

त्यानंतर मी किती रविवार गेले ते मोजलेलं नाही. प्रस्तावना कधी देता, हे विचारण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं आणि मी का आलेय हे त्यांना आठवत असावं असंही वाटत नव्हतं. मी दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. काकू चहा द्यायच्या. सर कुठल्यातरी जुन्या संमेलनातलं भांडण सांगत असायचे. एकदा मध्येच माझ्याकडे बघून म्हणाले, "ही इंग्रजीत विचार करते आणि मराठीत उतरवते." सगळे हसले. मीही हसले. घरी येताना राग आला, आणि रागही मला वेळेवर येत नाही याचा आणखी राग आला.

इकडे छपाई सुरू झाली होती. छापखाना उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, एका सिंधी शेठचा. मुख्य काम लग्नपत्रिका आणि बिलबुकं. मशीन रिकामं असलं की गुरुजींची पुस्तकं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून सोळा पानं छापायची, मग तेच खिळे सोडवून पुढची सोळा. पुस्तकाची सुरुवातीची पानं मात्र सगळ्यात शेवटी छापायची, कारण प्रस्तावना नेहमी उशिराच येते. अशी चौसष्ट पानं जूनमध्ये झाली आणि छापलेले कागद शेठच्या माळ्यावर जाऊन बसले. पावसाळाभर त्यांच्यावर प्लास्टिक होतं. मी कधी ऑफिस सुटल्यावर बघायला जायचे. शेठ हात झाडून म्हणायचे, "बेटी, पूरा बदन तैयार है, मुंडी का पता नहीं." दसऱ्यानंतर त्यांचा सूर बदलला. लग्नसराईचा माल ठेवायला माळा हवा होता. त्यांनी गुरुजींना निरोप धाडला की साईं, या तो मुंडी लाओ, या बदन ले जाओ.

गुरुजींनी सरांना दोन कार्डं टाकली. दिवाळी झाली. नोव्हेंबर गेला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींचा निरोप आला की प्रस्तावना आली. मी ऑफिसातून तशीच हेंद्रेपाड्याला गेले. काकूंच्या वळणदार अक्षरात अकरा पानं होती. गुरुजींनी वाचून ठेवली होती. सुंदर झाली आहे, म्हणाले. मी गठ्ठ्यावर बसून वाचायला घेतली.

पहिल्याच ओळीत माझं नाव होतं, आडनावासकट. पुढे लिहिलं होतं की कॅम्पातल्या शिलाईच्या कारखान्यात बारा बारा तास मान मोडणारी ही मुलगी म्हणजे साक्षात वेदना आहे. तिच्या कवितांमध्ये पुरुष बोलतो. एका कष्टकरी स्त्रीने पुरुषाच्या तोंडून बोलण्याचं हे धाडस मराठीत अपूर्व आहे. आणि मग मधोमध, उदाहरण म्हणून, दोन ओळी:

शेकडो शर्टांना बटणं लावली.
माझ्याच शर्टाचं दुसरं बटण अजून पिनेवर आहे.

मी पानं शेवटपर्यंत उलटली. अशा आणखी सात-आठ ओळी होत्या.

"गुरुजी, ही कविता माझी नाही."

"कुठली?"

"यातली एकही."

गुरुजींनी चष्मा काढला.

"म्हणजे तू शिलाईकाम करत नाहीस?"

माझ्या चौसष्ट पानांची प्रुफं या माणसाने स्वतः तपासली होती. काना, मात्रा, वेलांटी, एक चूक राहू दिली नव्हती. मी म्हटलं, मी ऑफिसात पत्रं टाइप करते. ते म्हणाले, हो हो, तू सांगितलं होतंस.

मग त्यांनी विचार केला आणि मला समजावायला लागले. सरांचं नाव पुस्तकावर असणं महत्त्वाचं. आत काय आहे ते कोण ताडून बघतो? "जे प्रस्तावना वाचतात ते कविता वाचत नाहीत. कविता वाचणारे प्रस्तावना वाचत नाहीत. इतकी वर्षं पुस्तकं काढतोय मी." शिलाईचं एक वाक्य काढू, उदाहरणाच्या ओळी काढू, बाकी वेदना वगैरे कुणालाही चालतं. आणि दिवस किती उरलेत ते बघ.

मी म्हटलं, मी सरांना जाऊन सांगते.

"तू?" गुरुजी म्हणाले. त्यांना हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

त्या रविवारी सरांकडे नेमकं कुणी नव्हतं. नेहमीसारखे चार लोक असते तर मी चहा पिऊन परत आले असते. पिशवीतून अकरा पानं काढून मी हातात धरली आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य बोलले.

"सर, ही प्रस्तावना माझ्या संग्रहाची नाही."

काकू आतून आल्या, त्यांनी पानं घेतली, दोन ओळी वाचल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या फळीपाशी गेल्या आणि एक नवं पुस्तक घेऊन आल्या. दिवाळीत निघालेलं, पिवळ्या मुखपृष्ठाचं. कॅम्प चारमधल्या एका मुलाचा पहिला संग्रह. त्यांनी पहिली पानं उघडून माझ्या हातात दिलं.

मी उभ्यानेच वाचलं. त्या मुलाच्या नावाने सुरू होणारी प्रस्तावना होती आणि ती माझ्या कवितांची होती. मधोमध माझ्या ओळी:

सरकारी भिंत, खिळा मारायचा नाही.
आम्ही आमचे फोटो मांडीवर घेऊन बसतो.

खाली सरांनी लिहिलं होतं की या घरात हंबरडा नाही. इथे सगळं आहे. फक्त भिंत आपली नाही, आणि हे घरातलं कुणी मोठ्याने बोलत नाही. हा कवी कमी बोलतो आणि त्याचं कमी बोलणं ऐकावं लागतं. चार पानं होती. त्यांनी प्रत्येक कविता ऐकली होती आणि त्यांना कळली होती. मला कुणी विचारलं असतं तर मला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं.

तेव्हा मला जे वाटलं ते कृतज्ञता नव्हती. तीच माणसं, तेच कान. माझ्या कविता एका मुलाच्या नावावर ऐकल्या तेव्हा त्यांना घर दिसलं, खोली दिसली. त्या मुलाच्या कविता माझ्या नावावर ऐकल्या तेव्हा नुसती वेदना दिसली. पिनेवरचं बटण ही तर थट्टा होती. ते मलाही कळलं होतं, आणि मी तर त्याच्या मोजक्याच ओळी वाचल्या होत्या.

मी विचारलं की हीच चार पानं माझ्या नावाने माझ्या पुस्तकात घालता येतील का. सर म्हणाले, एकच प्रस्तावना दोन पुस्तकांत? लोक मला हसतील. मग त्या मुलाला कळवावं का, असं मी विचारलं. त्याच्या प्रती वाचनालयाकडे गेल्यासुद्धा, ते म्हणाले; गरीब पोरगं आहे, आता कशाला? पुन्हा लिहायला त्यांना सवड नव्हती. ही अकरा पानं थोडी इकडची तिकडे करून छापली तर काही बिघडत नव्हतं.

"आणि फायलीवर नाव नव्हतं तुझं," सर म्हणाले. "नाव लिहायची लाज वाटत असेल तर लिहू नये माणसाने."

मी पिवळं पुस्तक मिटून काकूंच्या हातात दिलं.

"तुला प्रस्तावना नकोच असेल तर तसं सांग."

"नको," मी म्हटलं.

काकू दारापर्यंत आल्या. गणपतीच्या आधी साफसफाई करताना फायली खाली काढल्या होत्या, त्या हळू आवाजात म्हणाल्या, चिठ्ठ्या गळून पडल्या आणि मी अंदाजाने खोचल्या. त्यांना बोलू नकोस. मी म्हटलं, नाही बोलणार. सरांना बोलण्यासारखं माझं सगळं बळ 'नको' या एका शब्दात संपलं होतं.

गुरुजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग शेठचा निरोप आला की माळा उद्या रिकामा करतोय, आणि गुरुजींना काहीतरी ठरवणं भाग पडलं. पहिली आठ पानं छापली: नाव, प्रकाशकाचा पत्ता, अर्पणपत्रिका, अनुक्रम. अर्पणपत्रिकेनंतर प्रस्तावनेची जागा नव्हतीच, सरळ अनुक्रम. गुरुजी म्हणाले, पुस्तक तोंड न धुता बाहेर पडल्यासारखं दिसतं. एकतीस तारखेच्या दोन दिवस आधी बांधलेल्या प्रती आल्या. तीन प्रती मी स्वतः वाचनालयात नेऊन दिल्या. काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक उघडलं, पहिली पानं चाळली आणि विचारलं, "सरांची नाहीये?"

घरी वडिलांनी प्रत हातात घेऊन पाठीमागचा पत्ता वाचला, आडनाव नीट छापलंय का ते पाहिलं आणि कपाटावर, आम्ही ज्यांच्यापुढे वंदना म्हणायचो त्या दोन फोटोंच्या शेजारी ठेवली. ते फोटो कायम कपाटावरच असायचे, भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती म्हणून. आईने चष्मा लावून खिळ्याची कविता वाचली.

"आपण कधी फोटो मांडीवर घेऊन बसलो गं?"

"बसलो नाही, आई. ते तसं लिहायचं असतं."

"लोकांना खरं वाटेल ना पण," आई म्हणाली.

पुरस्काराचा निकाल कार्यक्रमाच्या आधी कळतोच. तो त्या मुलाच्या पिवळ्या पुस्तकाला होता. मला जायचं नव्हतं. गुरुजी म्हणाले, बघायला तरी चल, पुढच्या वेळेला उपयोग होईल. फेब्रुवारीच्या शेवटी बदलापूरच्या एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. सर पहिल्या रांगेत, आम्ही पाचव्या.

परीक्षकांपैकी एकांनी मानपत्र वाचलं. कमी बोलणारा कवी. हंबरडा नाही, पण ऐकावं लागतं. भिंत आपली नाही. एकेक वाक्य सरांच्या चार पानांतलं होतं, किंचित फिरवलेलं. आणि शेवटी, या संग्रहाचा आत्मा ज्या ओळींत आहे त्या म्हणून, माझ्या दोन ओळी. ज्या पुस्तकाला पुरस्कार देत होते त्या पुस्तकात ती कविता नव्हती. तिघांपैकी एकानेही अनुक्रमाच्या पुढे पान उलटलं असतं तर हे लक्षात आलं असतं. माझं पुस्तकही त्याच टेबलावर होतं. त्यात ती कविता होती, पान एकवीसवर. म्हणजे तेही उघडलं गेलं नव्हतं. मी ज्यासाठी वर्षभर धडपडले ते घडलंच नव्हतं. हरल्याचं वाईट वाटायला निदान कुणीतरी वाचायला हवं होतं.

गुरुजी कानाशी म्हणाले, "चांगल्या ओळी आहेत." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना खरोखर आठवत नव्हतं.

मग अध्यक्षांनी त्या मुलाला तीच कविता म्हणायची विनंती केली. तो उभा राहिला. माझ्याच वयाचा, बारीक, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी नकळत त्याच्या शर्टाचं दुसरं बटण पाहिलं. लावलेलं होतं. माइकपुढे तो इतका वेळ गप्प राहिला की कुणीतरी त्याला पाणी नेऊन दिलं. मग त्याने त्या दोन ओळी म्हटल्या. सावकाश, चांगल्या म्हटल्या. आणि थांबला. सभागृहाला वाटलं कविता संपली. टाळ्या बराच वेळ चालल्या.

कार्यक्रमानंतर लोक चहाकडे गेले आणि तो शाल काखेत धरून एका खांबाशी उभा होता. मी गुरुजींना थांबायला सांगितलं आणि त्याच्याकडे गेले.

"तुम्ही आत्ता म्हटल्या त्या दोन ओळी माझ्या आहेत."

तो दचकला नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुम्हीच होय त्या. क्वार्टरवाल्या."

पुस्तक हातात पडलं त्याच दिवशी आपल्याला कळलं होतं, तो सांगू लागला. आपण तर कारखान्याच्या मागच्या खोलीत झोपतो, आपल्याकडे कुठली सरकारी भिंत? प्रकाशकाला बोललो तर तो म्हणाला, सरांनी लिहिलंय, गप बस. "मग आपण चूप. मोठ्या माणसाने लिहिलंय म्हटल्यावर कोण बोलणार, ताई?"

"आज स्टेजवर बोलता आलं असतं."

"तुम्हाला आलं सरांच्या घरी बोलता?"

"बोलले."

"मग काय झालं?"

मी गुरुजींकडे वळून पाहिलं. तो म्हणाला, तेच तर. मग त्याने विचारलं की त्याच्या कवितांबद्दल सरांनी काय लिहिलं होतं, कारण ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मी सांगितलं, की तुम्ही एक कष्टकरी स्त्री आहात आणि पुरुषाच्या तोंडून बोलण्याचं अपूर्व धाडस केलंय तुम्ही. तो खांबाला टेकून इतका हसला की चहावाले वळून बघायला लागले. मला हसू आलं नाही.

हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "पुढचं काय आहे त्या कवितेत? तीन महिने झाले, जो तो म्हणतो, तीच म्हणून दाखव. आपल्याला दोनच ओळी येतात. पुढे काय म्हणायचं?"

माझ्या पर्समध्ये माझी प्रत होती. पान एकवीस काढून मी त्याला दिली. सहा ओळींची कविता आहे ती. त्याने ओठ हलवत वाचली. मग पुन्हा वाचली. शाल खाली घसरली ती त्याने पायाने बाजूला केली. मागचं पान वाचलं, पुढचं वाचलं आणि परत एकवीसवर आला. मी तिथे उभी होते आणि एक अनोळखी माणूस माझ्यासमोर माझी कविता वाचत होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"शेवटच्या चार ओळी कशाला आहेत, ताई?"

"कशाला म्हणजे?"

"फोटो मांडीवर घेतले. झालं की. मग खाली ते बदलीचं, ट्रकचं, नव्या भिंतीचं... समजावून सांगितल्यासारखं होतंय. आत्ता बघितलं ना तुम्ही, लोकांना तेवढ्यावरच कळलं."

मी म्हटलं, लोकांना काही कळलेलं नाही, त्यांना वाटलं ती तुमची आहे. तो म्हणाला, ते वेगळं. मी पुस्तक मागून घेतलं. त्याला ते हवं होतं, हात पुढेच होता, पण मी दिलं नाही. गुरुजी हाक मारत होते.

घरी आल्यावर मी त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. त्या संग्रहाबद्दल मला घराबाहेरच्या कुणी तोंडावर सांगितलेली ती पहिली गोष्ट होती, आणि नंतर कुणी काही सांगितलं नाही म्हणून शेवटचीही. मी पेन्सिलीने चारही ओळींवर रेघ मारली. दोन दिवसांनी रबराने ती पुसली. दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही, त्यामुळे माझं मला काही ठरवावं लागलं नाही.